सागने फ्योर्डला पहिल्यांदा जाताना: आधी किनारा, मग बोट

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सागने नदी सेंट लॉरेन्स नदीच्या रुंद, खाऱ्या मुखाला मिळते, तिथे तादुसाक नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या पाठीशी सुमारे १०० किलोमीटर लांबीचा फ्योर्ड, समोर देवमाशांचा समुद्र. टोरांटो-माँट्रियालकडची मराठी कुटुंबं उन्हाळ्यात आई-वडील भारतातून आले की इथला बेत आखतात आणि पहिलं काम म्हणून बोटीची तिकिटं काढतात. डोक्यात असतो पांढरा देवमासा, म्हणजे बेलुगा. पण बेलुगापासून बोटीने किमान ४०० मीटर लांब राहावं, असा इथला कायदा आहे. म्हणजे ज्याच्यासाठी सर्वांत महाग तिकीट काढलं, तोच बोटीवरून पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसतो. बेलुगा नीट पाहायचा असेल तर जमिनीवरची ठरावीक ठिकाणं गाठावी लागतात, आणि तिथे खर्चही कमी येतो. म्हणून आधी किनारा, मग हवी तर बोट, असा बेत करा.

आधी जागा समजून घ्या

इथे दोन उद्यानं एकमेकांना लागून आहेत. पाण्याचा भाग म्हणजे सागने-सेंट लॉरेन्स सागरी उद्यान. १९९८ साली स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे १,२४५ चौरस किलोमीटरचं आहे आणि पार्क्स कॅनडा (केंद्र सरकारची उद्यान संस्था) व क्वेबेक सरकार मिळून ते चालवतात. फ्योर्डच्या दोन्ही काठांवरचे कडे, जंगल आणि पायवाटा हे १९८३ सालचं फ्योर्ड-द्यु-सागने राष्ट्रीय उद्यान. ते क्वेबेकची सेपाक ही संस्था सांभाळते. म्हणून प्रवेशशुल्क आणि पासही वेगवेगळे. पार्क्स कॅनडाचा पास सेपाकच्या फाटकावर चालत नाही, आणि सेपाकचा पास पार्क्स कॅनडाच्या निरीक्षण केंद्रांवर चालत नाही. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन्हीकडे प्रवेश मोफत आहे. सेपाकचा दिवसाचा प्रवेश ऑनलाइन घेऊन ठेवा, कारण काही वाटांच्या सुरुवातीला कर्मचारी नसतात आणि मोबाइलला रेंजही नसते.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली दरी. कोकणातल्या खाडीत गाळ असतो, उथळ पाणी असतं. इथे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि तळ काही ठिकाणी २७० मीटरपेक्षाही खोल आहे. मुखाशी मात्र जेमतेम २० मीटर खोलीचा उंबरा आहे. लाक सां-जाँ सरोवराकडून आलेलं गोडं, तपकिरी पाणी सायीसारखं वर तरंगतं, आणि खाली सेंट लॉरेन्समधून आलेलं खारं, बर्फासारखं गार पाणी असतं. मुखाजवळ भरती-ओहोटी हे दोन्ही थर ढवळून टाकते. त्यात सेंट लॉरेन्सच्या तळाची ३०० मीटरपेक्षा खोल दरी तादुसाकजवळ एकदम उथळ होते, त्यामुळे खालचं गार पाणी वर ढकललं जातं. त्यासोबत क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) येतात, त्यांच्यामागे कॅपेलिनसारखे छोटे मासे आणि त्यांच्यामागे देवमासे. उन्हाळ्यात देवमासे याच कोपऱ्यात का जमतात आणि जुलैतही इथल्या वाऱ्यात कानटोपी का लागते, या दोन्हींचं कारण हे एकच.

पायरी १: महिना ठरवा

बेलुगा या भागात बारा महिने असतात. मिंक, फिन, हंपबॅक या जातींचे देवमासे आणि कधीमधी निळा देवमासा इथे खाद्यासाठी येतात. त्यांचा भरवशाचा काळ जून ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध.

जून ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत जंगलात काळ्या माश्या आणि डास फार असतात. काळी माशी कानामागे आणि केसांच्या कडेला चावते, तिथे सूज येते. याच दिवसांत गार पाण्यावर उबदार हवा आली की धुकंही दाट पडतं. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हे सर्वांत सोयीचे दिवस, पण राहण्याच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. आमच्या मते पहिल्या खेपेला ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य उत्तम: माश्या संपलेल्या, गर्दी ओसरलेली, देवमासे अजून आहेत, आणि तादुसाकच्या वाळूच्या टेकाडांवरून दक्षिणेकडे निघालेले ससाणे नि गरुडही दिसतात. एकच अट, काही निरीक्षण केंद्रं सप्टेंबरच्या सुरुवातीनंतर वेळा कमी करतात किंवा बंद होतात. निघण्याआधी प्रत्येक केंद्राच्या तारखा तपासा.

हिवाळ्यात देवमाशांच्या सहली बंद असतात. लोक तेव्हा येतात ते ला बे भागात गोठलेल्या फ्योर्डवर मासेमारी पाहायला, आणि त्याची तयारी पूर्ण वेगळी लागते.

पायरी २: रस्ता आणि फेरी

क्वेबेक शहरापासून तादुसाक सुमारे २१५ किलोमीटर आहे, माँट्रियालहून सुमारे ४८०. टोरांटोहून निघणाऱ्यांनी एका दिवसात पोचायचा हट्ट धरू नये, क्वेबेक शहरात मुक्काम करावा. रस्ता १३८ क्रमांकाचा. ला माल्बेनंतर चढउतार आणि वळणं वाढतात. सकाळी आणि संध्याकाळी मूस (धिप्पाड हरणं) रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडल्यावर गाडी चालवायची वेळच येऊ देऊ नका.

तादुसाकपासून वर शिकुतिमी शहरापर्यंत फ्योर्डवर एकही पूल नाही. १३८ क्रमांकाचा रस्ता बे-सेंत-कातरीनला पाण्याशी येऊन थांबतो आणि पलीकडे तादुसाकला फेरीबोट नेते. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, आरक्षण लागत नाही, आणि पार व्हायला सुमारे १० मिनिटं लागतात. अडचण फक्त रांगेची: उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी तादुसाककडे जाताना आणि रविवारी दुपारी परतताना तास-तासभर थांबावं लागू शकतं. गाडी बोटीत लागली की हँडब्रेक ओढा, उतरा आणि कठड्याशी उभे राहा. बेलुगा या तोंडावरून सतत ये-जा करतात, त्यामुळे फुकटच्या या दहा मिनिटांतही दिसू शकतात.

गाडी नसेल तर क्वेबेक शहराहून तादुसाकला बस येते. पण बाकीची ठिकाणं २५-३५ किलोमीटरवर पसरली आहेत आणि तिथवर सोयीची बस नाही. गाडी भाड्याने घेणंच बरं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवावा, आणि प्रवास विमा सर्वांचाच असावा, कारण कॅनडात पाहुण्यांना सरकारी आरोग्यसेवा मोफत नाही.

पायरी ३: भरतीचं वेळापत्रक काढा

कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण शहरातून येणारे हमखास विसरतात. तादुसाकला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक ५ मीटरच्या आसपास जातो. कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तादुसाक निवडलं की रोजच्या वेळा मिळतात. वेळ प्रमाणवेळेत दिली आहे की उन्हाळी वेळेत, तेवढं पाहा. एका तासाची चूक इथेच होते.

वेळापत्रक तीन कारणांसाठी लागतं. पहिलं, ओहोटीला उघडे पडलेले खडक शेवाळाने निसरडे असतात, आणि परत येणारं पाणी त्यांना मागच्या बाजूने वेढतं. दुसरं, मुखाशी ओहोटीचा प्रवाह जोरदार असतो, आणि वारा उलटा लागला की उंच, आखूड लाटा उठतात. त्या वेळी छोट्या बोटीत अंग चांगलंच आदळतं. तिसरं, प्रवाह वळतो तेव्हा पाण्यावर फेसाच्या रेषा आणि पक्ष्यांचे थवे दिसतात. मासे तिथेच गोळा होतात. दुर्बीण आधी तिकडे वळवा.

पायरी ४: किनाऱ्यावरची चार ठिकाणं

*प्वांत-न्वार.* बे-सेंत-कातरीनला, फेरीच्या अलीकडच्या बाजूला. उंचावरून फ्योर्डचं तोंड दिसतं. बेलुगासाठी ही फार चांगली जागा, आणि चालणं थोडंच. फेरीकडे जाताना वाटेत तासभर थांबा. पुष्कळ जण रांग गाठायच्या घाईत हे ठिकाण सोडून देतात.

*तादुसाकची प्वांत-द-लीले.* गावाच्या टोकाला खडकावरून जाणारी छोटी गोल वाट, एक किलोमीटरपेक्षा कमी. वाटेवर लाकडी फळ्या आहेत, त्या पावसात घसरतात. संध्याकाळी मिंक देवमासा इथे अगदी जवळून जातो. गावात १७४७ सालचं लाकडी चर्च आहे, आणि ग्रेम या संशोधन संस्थेचं सागरी सस्तन प्राण्यांचं केंद्रही आहे. केंद्र पहिल्याच दिवशी पाहा. तिथे सांगाडे पाहून आणि देवमाशांचे आवाज ऐकून गेलात तर पुढे पाण्यावर काय शोधायचं ते कळतं.

*काप-द-बाँ-देझिर.* तादुसाकच्या पुढे सुमारे २५ किलोमीटरवर, ले बेर्जेरोन गावाजवळ. वाहनतळापासून जंगलातून थोडं चाललं की समोर उतरते मोठे गुळगुळीत खडक. खडकाखाली पाणी लगेच खोल होतं, म्हणून देवमासे किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात. एकच ठिकाण निवडायचं झालं तर हे निवडा. किमान दोन तास द्या. वीस मिनिटं बसून "काही नाही" म्हणत उठणारे पुष्कळ, आणि त्यांची पाठ वळली की पाणी फुटतं. खडक गार आणि कठीण असतो, बसायला चटई किंवा घडी घातलेलं ब्लँकेट न्या. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी वरच्या सपाट भागातच बसावं, शेवटचा उतार ओबडधोबड आहे.

*बे-सेंत-मार्गरित.* सेपाकच्या उद्यानात, तादुसाकहून १७२ क्रमांकाच्या रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटर. केंद्रापासून बेलुगाच्या मचाणापर्यंत सुमारे ३ किलोमीटर सोपी वाट, तेवढीच परत. उन्हाळ्यात बेलुगाच्या माद्या पिलांना घेऊन या उपसागरात येतात आणि तासन्‌तास थांबतात. म्हणून २१ जून ते २१ सप्टेंबर या काळात उपसागरात बोटी आणि कयाकना (वल्ह्याच्या अरुंद होड्यांना) बंदी असते. इंजिनाचा आवाज नाही, गर्दी नाही, त्यामुळे वारा पडलेला असला तर त्यांचे श्वासही ऐकू येतात. ते रोज येतातच असं नाही. सकाळी केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशीची स्थिती विचारा, ते खरं सांगतात.

पाण्याकडे पाहायचं कसं

दुर्बीण ८×४२ किंवा ७×५० पुरते. त्याहून जास्त मोठं करणारी हातात हलते. पण सुरुवात दुर्बिणीने करू नका. आधी उघड्या डोळ्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवा, आणि कान उघडे ठेवा. शांत हवेत श्वासाचा आवाज आधी येतो, मग देवमासा दिसतो.

नवख्यांचा सर्वांत मोठा गोंधळ होतो तो लाटेची पांढरी शेंडी आणि बेलुगा यांत. शेंडी फुटते, पसरते, विरते. बेलुगाची पाठ गुळगुळीत वर येते, सलग खाली जाते आणि काही सेकंदांत थोडी पुढे पुन्हा दिसते. तिच्यावर पाठीचा पर नसतो. सोबत करड्या रंगाचं काही दिसलं तर ते पिल्लू किंवा वयात न आलेला बेलुगा, कारण पूर्ण पांढरा रंग यायला वर्षं लागतात. वारा वाढून सगळीकडे शेंड्या दिसू लागल्या की बेलुगा शोधणं सोडा आणि मोठ्या देवमाशांकडे वळा.

मिंक ६ ते १० मीटरचा, काळसर, त्याचा फवारा जेमतेम दिसतो आणि मागे वळलेला छोटा पर चटकन खाली जातो. फिन २० मीटरपर्यंत, उंच सरळ फवारा, मग लांबच लांब पाठ, आणि पर उशिरा. शेपूट वर उचलून खोल जाणारा बहुधा हंपबॅक. एकदा दिसला की घड्याळ बघा: फिन पाच-दहा मिनिटं खाली राहतो आणि वर येतो तो बऱ्याचदा वेगळ्या जागी.

पायरी ५: बोट घ्यायचीच असेल तर

बोटीने फिन आणि हंपबॅक छान दिसतात, त्यासाठी ती जरूर घ्या. दोन प्रकार आहेत. मोठ्या बोटीत बसायला बंद जागा आणि शौचालय असतं. ज्येष्ठ, लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी हीच घ्यावी. झोडियाक ही रबरी बोट पाण्याच्या जवळ नेते, पण लाटेवर आदळते, म्हणून बहुतेक ठिकाणी वयाची आणि प्रकृतीची अट असते. सहल साधारण दोन ते तीन तासांची.

झोडियाकवर जलरोधक कपडे बहुतेक वेळा बोटवालेच देतात, तरी आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर, टोपी आणि हातमोजे लागतातच. जीन्स भिजली की तीन तास गार राहते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यायची, पोटात ढवळू लागल्यावर तिचा उपयोग नाही. सकाळची सहल निवडा, वारा बहुधा दुपारी वाढतो. धुकं असेल तर तारीख बदलून मिळेल का, हे तिकीट काढतानाच विचारा.

बेलुगा आणि निळ्या देवमाशापासून अंतर ४०० मीटर. इतर देवमाशांसाठी २०० मीटर, आणि परवाना असलेल्या सहलींच्या बोटींना ठरावीक परिस्थितीत १०० मीटर. मुखाशी मे ते ऑक्टोबर १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) ही वेगमर्यादा आहे. नावाड्याने बोट लांब उभी केली तर तो कायदा पाळतो आहे. जवळ न्या म्हणून मागे लागू नका. सेंट लॉरेन्समध्ये आता दोनेक हजारांच्या आसपासच बेलुगा उरले आहेत. १९७९ साली शिकार थांबली, तरी त्यांची संख्या सावरलेली नाही. आवाजाने त्यांचा एकमेकांशी आणि आई-पिलाचा संपर्क तुटतो. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

कयाकचा मोह सर्वांना होतो. मुखाशी स्वतःची कयाक भाड्याने घेऊन उतरू नका: प्रवाह, वारा, मालवाहू जहाजं आणि गार पाणी एकत्र येतात, आणि कड्यांमुळे मैलोन्‌मैल उतरायला जागा नसते. पाण्यात पडल्यावर काही मिनिटांत हाताची बोटं काम करेनाशी होतात. आतल्या भागात, लान्स-सां-जाँ गावातून मार्गदर्शकासोबत अर्ध्या दिवसाची सफर घ्या. वेटसूट देतात, आणि कडे खालून पाहायला मिळतात.

पायरी ६: फ्योर्डचा आतला भाग

तादुसाकहून १७२ ने शिकुतिमी (सुमारे १२५ किलोमीटर), तिथे पूल ओलांडून १७० ने दक्षिण काठावरून सां-सिमेओंला, तिथे पुन्हा १३८. असा गोल फेरा केला तर फेरीची रविवारची रांग टळते. वाटेत उत्तर काठावर सेंत-रोज-द्यु-नोर, दक्षिण काठावर रिव्हिएर-एतेर्निते आणि लान्स-सां-जाँ.

रिव्हिएर-एतेर्नितेला काप त्रिनिते हा सुमारे ३५० मीटरचा कडा आहे. त्यावर १८८१ साली शिल्पकार लुई जोबँ याने पाइनच्या लाकडात घडवलेली, शिशाच्या पत्र्याने मढवलेली मेरीची सुमारे ९ मीटर उंच मूर्ती आहे. तिथे जाणारी वाट जाऊन-येऊन साडेसात किलोमीटरच्या आसपास, सुमारे चार तास. सुरुवातीचा चढ उभा आहे, दम तिथेच लागतो. माणशी दीड लिटर पाणी, घोट्याला आधार देणारे बूट, आणि दुपारी एकच्या आत सुरुवात. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खाली उपसागराच्या काठी थांबावं किंवा हंगामात फ्योर्डवर फिरणाऱ्या बोटीतून मूर्ती पाहावी.

खाणं, भाषा, आणि बारीकसारीक

शाकाहारींनी नीट विचारून खावं. पुतीन (चीज घातलेले बटाट्याचे तळलेले काप) या पदार्थावरचा रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या अर्काचा असतो. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस, आणि गोडसर घेवड्यात चरबी असते. "साँ व्याँद, साँ प्वासों" म्हणजे मांस नको, मासे नकोत. ताजं चीज आणि ऑगस्टातली ब्लूबेरी निर्धास्त घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर सर्वांत उत्तम. किराणा क्वेबेक शहरातच भरा, मसाले घरून न्या. डबा किंवा फराळ तंबूत ठेवू नका, काळी अस्वलं वासाने येतात. सगळं गाडीच्या डिकीत.

पाट्या फ्रेंचमध्ये असतात. त्राव्हर्सिए म्हणजे फेरी, स्तास्योनमाँ म्हणजे वाहनतळ, साँतिए म्हणजे पायवाट, मारे ओत भरती, मारे बास ओहोटी. समोरच्याला "बाँझूर" म्हणून सुरुवात करा, मग इंग्रजीत बोललं तरी चालतं. १७२ वर बऱ्याच पट्ट्यात मोबाइल लागत नाही, नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि पेट्रोल तादुसाकलाच भरा.

किनाऱ्यावर मेलेला किंवा अडकलेला देवमासा वा सील दिसला तर जवळ जाऊ नका, पाण्यात ढकलू नका, त्याच्यावर पाणी ओतू नका. सीलची पिल्लं विश्रांतीसाठीही वर येतात. लांबून फोटो काढा, जागेची खूण आणि भरतीची वेळ टिपा, आणि सागरी सस्तन प्राण्यांच्या मदत क्रमांकावर, १-८७७-७२२-५३४६, कळवा.